कोबीची पिंपं आणि ताऱ्याचं ग्रहण

रादिवोय स्तोयकोवची मागणी अगदी साधी होती. इमारतीसमोरचा रस्त्यावरचा दिवा एका शुक्रवारी संध्याकाळपुरता बंद ठेवावा. बस्स. त्याने पेन्शनवाढ मागितली नव्हती, रस्त्याला स्वतःचं नाव मागितलं नव्हतं. त्याने अंधार मागितला होता, आणि अंधाराला काही खर्च येत नाही अशी त्याची समजूत होती. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बिटाच्या गाड्या तोलण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या समजुती अशा सरळच असायच्या.

मूळ भांडण कोबीचं. नोव्हेंबर लागला की बनातच्या सपाट मैदानावरचं प्रत्येक घर कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात बुडवून पिंपं भरतं आणि त्या आंबट पानांत खिमा गुंडाळून हिवाळा काढतं. पिंपांना थंडी लागते. इमारतीची पिंपं आजवर तळघरात असायची. पण गेल्या वर्षी तळघरातून गरम पाण्याचे नवे नळ गेले आणि डिसेंबर उजाडेपर्यंत साऱ्या बिऱ्हाडांच्या कोबीचा लगदा झाला. तो अख्खा हिवाळा लोक जिन्यात एकमेकांकडे पाहत नव्हते. आंबट कोबीवाचून माणसाचा स्वभाव कसा होतो हे ज्यांनी अनुभवलेलं नाही, त्यांनी कृपा करून हसू नये.

तेव्हा रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा झागोर्काबाई यांची नजर गच्चीवरच्या खोलीवर गेली. खोली थंडगार, उत्तरेला तोंड करून, जणू कोबीसाठीच बांधलेली. फक्त तिथे खगोल मंडळ होतं. खगोल मंडळाचे कागदोपत्री एकवीस सभासद. जिने चढून वर येणारे दोन. एक रादिवोय आणि दुसरा तळमजल्यावरचा न्हावी लात्सी. दुर्बिणीचा आरसा दोघांनी स्वतः घासला होता. न्हाव्याला धारेचं वेड आणि वजनकाटेवाल्याला अचूकपणाचं, त्यामुळे घासणं काही संपेना. रादिवोयची बायको देसांका म्हणायची, "थांबा आता, नाहीतर आरशातून पलीकडे बाहेर पडाल."

या दोघांचं काम म्हणजे ज्या ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होतो त्यांच्यावर नजर ठेवायची, शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तो ताडून पाहायचा आणि कुठल्या वेळी सर्वांत मंद दिसला ते राजधानीतल्या मोठ्या लोकांना कळवायचं. तिकडून उत्तर येत नसे. उत्तर येत नाही त्या अर्थी चूक सापडलेली नाही, असा रादिवोयचा हिशेब होता.

रहिवाशांची सभा जिन्यातच भरली.

"इतकी वर्षं वर जाऊन पाहता तरी काय हो तुम्ही?" झागोर्काबाईंनी विचारलं. "एकदा सांगून टाका. कोबीने आम्हाला काय दिलं ते सांगता येतं. ताऱ्याने काय दिलं?"

रादिवोय बोलायला उभा राहिला. खरं तर तो उभाच होता, पण तो आणखी उभा राहिला. एक तारा आहे, तो म्हणाला. जुने लोक त्याला सैतानाचा तारा म्हणत, कारण तो मधूनच मिणमिणायला लागतो. तो एक नाही, दोन आहेत. एकमेकांभोवती फिरतात. एक लखलखीत, दुसरा अंधूक पण अंगाने थोराड. थोराड समोर आला की लखलखीत झाकला जातो. दर तीन दिवसांनी, किंचित आधीच, घड्याळ लावून घ्यावं असं ग्रहण!

"म्हणजे आमचे मिलेंको टीव्हीसमोर उभे राहतात तसं," झागोर्काबाई म्हणाल्या. मिलेंको त्यांचे यजमान. ते मागे उभे होते आणि त्यांच्या मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

"अगदी तसं!" लात्सी आनंदाने ओरडला.

"आणि हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं?"

"दिसतं. या शुक्रवारी संध्याकाळी मंद होत जाईल. नऊच्या सुमाराला अगदी तळ गाठेल, मग पुन्हा वर."

झागोर्काबाई कोबीच्या बाजूच्या होत्या, पण न्यायी होत्या. "ठीक आहे. शुक्रवारी निम्म्या बिऱ्हाडांनी जरी डोळ्यांनी पाहिलं, तरी खोली तुमची. नाही पाहिलं तर शनिवारी पिंपं चढतील."

सभा संपल्यावर लात्सी म्हणाला, "जिंकलो आपण."

"समोरचा दिवा पाहिलास?" रादिवोय म्हणाला. "उजेड थेट गच्चीवर येतो मेल्याचा. त्या उजेडात चंद्र दिसत नाही, तारा काय दिसणार?"

म्हणून तो नगरपालिकेत गेला. खिडकीमागच्या बाई सज्जन होत्या.

"दिवा लागत नाही?" त्यांनी विचारलं.

"लागतो. तेच गाऱ्हाणं आहे."

"लागतो अशी तक्रार आमच्याकडे नाही हो. 'लागत नाही', 'फडफडतो' आणि 'पडला', एवढ्याच आहेत. कोण वारलंय का?"

"नाही."

"मग अंधार कशाला?"

रादिवोयने तारा समजावून सांगितला. बाईंनी मन लावून ऐकलं, सहानुभूतीने मान हलवली आणि अर्जावर त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'फडफडतो' लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीची गाडी आली. एवढी तत्परता गावाने कधी पाहिली नव्हती. जुना दिवा काढून त्यांनी दुप्पट उजेडाचा नवा बसवला. रात्री इमारतीतल्या लोकांना भाजी निवडायला घरात दिवा लावावा लागेना. येता-जाता लोक रादिवोयचे आभार मानू लागले, आणि माणसाचा मान दुखावायला आभारासारखं दुसरं हत्यार नाही.

आता सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्यांनी गलोल सुचवली. एका जावयाने सांगितलं की दिव्याकडे पाठ करून बसावं. देसांका म्हणाली, "अरे बाबा, एक पोतं घाल त्याच्यावर आणि मोकळा हो."

पोतं ही कल्पना रादिवोयला भावली. साखर कारखान्याची पोती त्याच्याकडे होतीच. गुरुवारी दुपारी त्याने जिन्याखालची शिडी घेतली, खांबाला लावली, पोतं दातात धरून वर चढला आणि दिव्याला मिठी मारून माप घेऊ लागला. तेवढ्यात मिलेंको आले. शिडी त्यांची होती. ते वर पाहणाऱ्यांतले नव्हते. आपली शिडी रस्त्यावर उभी दिसली, त्यांनी ती उचलली आणि घरी नेली.

दातात पोतं असलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. हाक मारण्यासाठी दात उघडावे, तर पोतं जातं. रादिवोयने तत्त्व म्हणून बराच वेळ पोतं सोडलं नाही. मग शाळा सुटली. सगळ्या शाळेने त्याला पाहिलं. शेवटी झागोर्काबाई खिडकीत आल्या.

"काय शेजारी," त्या म्हणाल्या, "ग्रहण इतक्या जवळून पाहावं लागतं का?"

संध्याकाळी, खांबावरून घसरताना मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधताना देसांकाने गाठ गरजेपेक्षा घट्ट आवळली.

"दिव्याचं सोड," लात्सी म्हणाला. "दिव्यातही दिसेल थोडं. आधी माणसं वर आली पाहिजेत. जाहिरात कर."

जाहिरात रादिवोयने आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. दोन सूर्य, त्यांची अंतरं, गरम कपडे आणावेत, कुत्री आणू नयेत. लात्सीने न्हाव्याच्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि छाटायला सुरुवात केली. मागून काढलं, बाजूचं काढलं, वर बारीक केलं. शेवटी जिन्यातल्या फळ्यावर लागलं ते एवढंच:

"शुक्रवारी संध्याकाळी ग्रहण. गच्ची उघडी राहील."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी ऑगस्टात या गावावरून सूर्याचं खग्रास ग्रहण गेलं होतं. बरोबर गावावरून. परदेशचे लोक हजारो मैल तुडवत सावली गाठायला आले होते. गावातलं मात्र कुत्रंही रस्त्यावर नव्हतं. त्याच वसंतात लढाई होती, बॉम्बहल्ल्याचे भोंगे वाजायचे आणि सगळे तळघरात धावायचे. आकाशातून काही येतंय म्हटलं की खाली जायचं, ही सवय अंगात अजून ताजी होती. मग रेडिओने सांगितलं, घराबाहेर पडू नका, पडदे ओढा, फटींना ओले टॉवेल लावा. लोकांनी टॉवेल लावले. रादिवोय तेव्हा मुरंब्याच्या बरण्यांमध्ये, फडताळाच्या खोलीत बसून होता. भर दुपारी बाहेर कोंबडे आरवले आणि गप्प झाले, एवढंच त्याच्या वाट्याला आलं. आयुष्यात एकदाच येणारी गोष्ट डोक्यावरून गेली आणि आपण बरण्या मोजत होतो! त्यानंतर त्याने असं ग्रहण शोधलं जे दर तीन दिवसांनी येतं. चुकलं तर पुन्हा येतं. अशा ग्रहणाशी माणसाला संसार करता येतो.

फळ्यावरची ओळ त्याच रात्री शेजारच्या इमारतीत गेली, तिथून पहाटे बाजारात, बाजारातून गावच्या रेडिओवर. रेडिओवाले व्यवस्थित माणसं. त्यांच्याकडे ग्रहणाची सूचना चार वर्षांपूर्वीची तयार होती. त्यांनी वार तेवढा बदलला.

शुक्रवारी सकाळी दुकानांतला पाव संपला. रादिवोय लंगडत रेडिओच्या कचेरीत पोचला.

"हे तुम्ही काय चालवलंय?"

"ग्रहण आहे की नाही?" तिथल्या तरुण मुलीने विचारलं.

"आहे, पण—"

"मग?"

"ते सूर्याचं नाही! ताऱ्याचं आहे!"

"सूर्य तारा आहे की नाही?"

रादिवोय सत्यवादी माणूस. "आहे," तो म्हणाला.

"मग?"

तो बाहेर आला तेव्हा शाळा लवकर सुटत होती, आणि काल त्याला खांबावर पाहिलेली मुलं आज त्याच्याकडे भीतीयुक्त आदराने पाहत होती.

दुपारी नगरपालिकेनेही जुनी फाईल काढली. तीत लिहिलं होतं, ग्रहणकाळात सार्वजनिक सेवा बंद. रस्त्याचे दिवे सार्वजनिक सेवेत मोडतात. ज्या कचेरीने एक दिवा बंद करायला नकार दिला होता, तिने कुणी न मागता गावातले सगळे दिवे बंद केले.

संध्याकाळी रादिवोय आणि लात्सी गच्चीवर आले. दोन दिवस वाहणाऱ्या वाऱ्याने आकाश घासून लख्ख केलं होतं. खाली एकही दिवा नाही, एकही खिडकी नाही, एकही गाडी नाही. मैदान आणि आकाश कुठे मिळतात ते कळत नव्हतं. तारे थेट शेतापर्यंत आले होते. असं आकाश रादिवोयच्या आजोबांनी पाहिलं असेल.

तारा अजून तेजस्वी होता. मग हळूहळू उतरू लागला. एखाद्या माणसाचं लक्ष बोलता बोलता दुसरीकडे जावं, तसा.

"बघ," लात्सी हळूच म्हणाला. "बघ कसा निघालाय."

"कुणाला सांगू बघ?" रादिवोय म्हणाला. गच्चीवर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. त्याने मांडलेल्या खुर्च्या ओळीत रिकाम्या होत्या. असा अंधार पुन्हा मिळणार नव्हता, आणि उद्या पिंपं चढणार होती.

तो खाली निघाला. चौथ्या मजल्यावर दार वाजवलं.

"कोण आहे?"

"रादिवोय."

"ग्रहण सुटल्यावर या."

तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "दार उघडणार नाही, मुलीला दिवस गेलेत." दुसऱ्या मजल्यावर कुणीच नव्हतं. पहिल्यावर कुणी नव्हतं. रादिवोय तळघराच्या पायऱ्यांवर थांबला. खालून कुजबुज येत होती, आणि आंबटाचा वास.

अर्धी इमारत तिथे बसली होती. बाकांवर, उलट्या खोक्यांवर, मांडीवर गोधड्या. बसण्याच्या जागाही त्या वसंतातल्याच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, जो तो आपापल्या कोपऱ्यात गेला होता. मधे डब्यात एकच मेणबत्ती. भिंतीला निळी पिंपं रांगेने. देसांकाही तिथे विणत बसली होती.

"तू पण?" रादिवोय म्हणाला.

"माझा तुझ्या ताऱ्यावर विश्वास आहे," देसांका म्हणाली. "पण यांना एकटं कसं सोडू? ही सगळी घाबरलीत."

रादिवोयने भाषण ठरवलं होतं. न्याय, विज्ञान, निम्मी बिऱ्हाडं. त्या मेणबत्तीभोवतीचे चेहरे पाहून त्याला ते आठवेना. हे लोक बावळट नव्हते. त्यांनी इथे बसून जीव वाचवले होते. वर पाहून कधी कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"झागोर्काबाई," तो म्हणाला, "मी हरलो. घ्या खोली. कोबी ठेवा. मला निम्मी बिऱ्हाडं नकोत, मतं नकोत. फक्त पाच मिनिटं वर चला. इतका अंधार मी आयुष्यात पाहिला नाही. तो तुम्ही केलाय, आणि तुम्हीच इथे बसलाय."

मेणबत्ती तडतडली.

"खोली आत्तापासून?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"आत्तापासून."

"मग खिडकीखालची जागा कुणाची?"

तळघरातल्या साऱ्या माना एकदम वर झाल्या. वरच्या खोलीत खिडकीखालची जागा सर्वांत थंड. रादिवोयला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही की आधी कोण उठलं. गोधड्या बाजूला झाल्या, खोकी उलटली. "ए, ते आमचं पिंप आहे!" "मिलेंको, धरा इकडून!" "ग्रहणात पिंप हलवू नये म्हणतात—" "मग तुझं राहू दे इथेच!" जोडीजोडीने पिंपं कवटाळून अख्खी इमारत जिना चढू लागली. मिठाचं पाणी पायऱ्यांवर सांडत होतं. सैतानाचं भय मोठं खरं, पण शेजाऱ्याला खिडकीखालची जागा मिळण्याचं भय त्याहून मोठं.

"बॅटरी लावू नका!" रादिवोय मागून विनवत होता. "डोळे अंधाराला सरावलेत तुमचे! तसेच राहू द्या!"

ते तासन्‌तास अंधारात बसले होते. आकाश पाहायला इतके तयार डोळे त्या रात्री साऱ्या युरोपात एका गच्चीवर जमले नसतील, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. त्यांनी धापा टाकत पिंपं खाली ठेवली, कंबर सरळ केली, आणि कंबर सरळ करताना माणूस वर पाहतोच.

मिलेंकोंनीही पाहिलं. "अरे बापरे," ते म्हणाले. ते त्या वर्षीचं त्यांचं सर्वांत लांब भाषण.

कुणाचं तरी पिंप दारात तसंच राहिलं.

"कुठे आहे तो तुमचा?" झागोर्काबाईंनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण त्यातली अध्यक्षा गेली होती.

"तो बघा, वर. आणि त्याच्या खाली तो फिका तारा. दोघे सारखे दिसतात ना? एरवी आपला शेजाऱ्याच्या कितीतरी पुढे असतो. आत्ता बरोबरीला आलाय."

"दुखत असेल का त्याला?" देसांकाने विचारलं.

"नाही. दुसरा नुसता समोरून जातोय."

"जाईल ना पण?"

"जाईल."

ते थांबले. कुणी पिंपावर बसलं, कुणी खुर्चीवर. मग तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि ती दिवस गेलेली मुलगी गोधडी पांघरून हळूच वर आली. कुणीतरी तिला खुर्ची सरकवली. तास गेला, दीड तास गेला. तारा वाढताना दिसत नव्हता, पण नजर काढून पुन्हा टाकली की शेजारी जरा मागे पडलेला असायचा. आणखी थोड्या वेळाने वादच उरला नाही.

"सुटला," लात्सी म्हणाला.

"सुटला," मागून तीन-चार आवाज आले. मोठ्याने हसावं की काय करावं कुणाला कळेना, म्हणून लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले.

मग झागोर्काबाईंना पद आठवलं. त्या खाकरल्या. "नियम म्हणजे नियम. ताऱ्याचं ग्रहण डोळ्यांनी कुणी पाहिलं? हात वर करा."

लोकांनी खोलीतल्या पिंपांकडे पाहिलं. एवढे जिने. मिठाचं पाणी. खिडकीखालची जागा.

"नाही बुवा," पहिल्या मजल्यावरचे म्हणाले.

"आम्हाला काही दिसलं नाही," दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, मान वर, नजर ताऱ्यावर.

"ढगाळच होतं," मिलेंको म्हणाले.

रादिवोयने त्या साऱ्या वळलेल्या मानांकडे पाहिलं. आरसा उद्या घरी न्यावा लागणार होता, देसांकाच्या कपाटात, कोटांच्या मागे. घासून घासून केलेला आरसा. खोटं बोलणारी ही माणसं अजून खाली जायला तयार नव्हती, हेही त्याने पाहिलं. त्या ताऱ्याला दुर्बीण कधीच लागत नव्हती.

"एकमताने पिंपं," झागोर्काबाईंनी जाहीर केलं. मग त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "पुन्हा कधी आहे हो?"

"सोमवारी. सहाच्या सुमाराला."

"सहाला?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सहाला माझी मालिका असते. जरा पुढे नाही का ढकलता येणार?"

रादिवोयने एकदा वर नजर टाकली. इतक्या वर्षांत ताऱ्याकडे रदबदली करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बघतो," तो म्हणाला.